मापटंभर पीठ, चिपटंभर गूळ

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा राज्य कोणाचं होतं हे सांगणारंही आता कुणी उरलं नाही. बरं, ही गोष्ट अनारशांची आहे, तेव्हा राजाचं तिच्यात काही कामही नाही.

एक डोंगर होता. डोंगरावर देवी होती आणि देवीच्या पायाशी एक गाव होतं. गाव खाऊनपिऊन सुखी. माणसं तोंडाची फटकळ, पण मनाची चांगली. या गावाची एक रीत होती, बाळांनो, तुम्ही कुठे ऐकली नसेल अशी. तिथे अन्न कधी तोलत नसत. धान्य, पीठ, गूळ, डाळ, सगळं मापानं मोजायचं. मोठ्या कामाला पायली, रोजच्या कामाला मापटं आणि मापट्याच्या निम्मं ते चिपटं.

तागडीला गावात मज्जाव होता. वाण्याचं दुकानसुद्धा वेशीबाहेर होतं. तिथे तो खुशाल तोलून देई, पण गूळ एकदा वेशीच्या आत आला की त्याचं वजन किती हे बोलायचंही नाही. "अन्न तोललं की देवी रुसते," असं मोठी माणसं सांगत. का रुसते हे कुणी सांगत नसे. पोरांनी विचारलंच, तर पाठीत धपाटा बसे.

या गावात ठकूबाई नावाची एक बाई होती. नावाप्रमाणे ठकवणारी अजिबात नव्हती. उलट आत एक, बाहेर एक असं तिला जमतच नसे. तिच्या घराला गावात मोठा मान होता. दर वर्षी देवीच्या जत्रेला पहिला नैवेद्य अनारशांचा असे आणि तो घाणा देवळासमोर, सगळ्या गावाच्या देखत, ठकूबाईच्या घरची बाई तळत असे.

आता अनारसा म्हणजे काय प्रकरण आहे, हे घरातल्या जाणत्या बायांना विचारा. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग निथळून सावलीत सुकवायचे आणि जरा ओलसर असतानाच कुटून पीठ चाळायचं. त्या पिठात गूळ मिसळून गोळे मुरवत ठेवायचे. सगळं जमलं तर अनारसा तुपात सुरेख जाळी धरतो. गूळ कमी पडला तर दगड होतो. आणि गूळ जास्त झाला, तर तुपात पडताक्षणी फसफसतो, पसरतो आणि कढईभर त्याचा चुरा होतो. त्याला बाया म्हणतात, अनारसा हसला. अनारसा हसला की करणारीला रडू येतं.

ठकूबाईचा अनारसा जन्मात कधी हसला नव्हता. पण त्या वर्षी घरात नवी सून आली होती आणि गावचा नियम असा, की सून आली की त्या वर्षीचा घाणा सुनेनंच करायचा. तो हसला, तर मान शेजारच्या घरी जायचा. शेजारी राहत होती चिमणाबाई. ती त्या मानाकडे कित्येक वर्षं डोळे लावून बसली होती.

सुनेचं नाव राही. ती नदीपलीकडच्या नावाड्याची मुलगी. तिच्या माहेरी बाजारपेठ होती आणि तिथे मीठसुद्धा तोलून घेत. तिच्या आईनं तिला अनारसे शिकवले होते, पण तागडीनं. "एका पारड्यात पीठ, दुसऱ्यात गूळ. काटा मधोमध आला की झालं," असं आईचं साधं गणित होतं. राहीला ते तोंडपाठ होतं. नव्हती ती फक्त तागडी.

"आत्याबाई, गूळ किती घ्यायचा?" तिनं सासूला विचारलं.

"पिठाच्या मानानं घ्यायचा," ठकूबाई म्हणाली.

"पण म्हणजे किती?"

"अगं, हाताला कळतं ते. मी काय मोजत बसते होय?"

हाताला कळतं! राहीनं आपले हात पालथेउताणे करून पाहिले. त्यांना काहीच कळत नव्हतं. मग तिनं आपल्या डोक्यानं विचार केला. आई म्हणायची, दोन्ही सारखं घ्यायचं. इथे मापटं आहे, तर मापट्यानं सारखं घेऊ. तिनं मापटंभर चाळलेलं पीठ घेतलं आणि मापटंभर गूळ चांगला दाबून घेतला. दोन्ही अगदी काठोकाठ, एक कण इकडे नाही की तिकडे नाही.

गोळे मुरले. जत्रेला अजून अवकाश होता, म्हणून ठकूबाईनं घरीच एक घाणा करून बघायला सांगितलं. पहिला अनारसा तुपात पडला आणि हसला. दुसरा त्याहून मोठ्यानं हसला. तिसरा तर तळाशी जाऊन दिसेनासाच झाला.

घरातल्या पोरांना मजा झाली. गोड कुरकुरीत चुरा वाट्या भरभरून खायला मिळाला आणि "काकी, उद्या पण असेच कर," अशी फर्माईशही झाली. ठकूबाई नुसती कढईकडे बघत बसली. राहीला त्या गप्प बसण्याचंच फार लागलं. सासू ओरडली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

ठकूबाई वाईट नव्हती, पण घाबरली होती. आजेसासूपासून चालत आलेला मान आपल्या डोळ्यांदेखत शेजारी जाणार, या विचारानं तिचं जेवणावरचं मन उडालं. राहीनं ते ओळखलं. पुन्हा तांदूळ भिजत घालायला दिवस होते, पण चूक कुठे झाली हे कळल्याशिवाय भिजवून करायचं काय?

ती नदीवर भांडी घासायला गेली. घासता घासता दोन वाट्या हातातून सुटल्या आणि पाण्यावर तरंगू लागल्या. एका वाटीत पोरांनी टाकलेल्या लाह्या होत्या, शिगोशीग. दुसरीत तळाशी थोडा ओला भात होता. लाह्यांची वाटी पाण्यावर नाचत होती. भाताची वाटी मात्र निम्मी पाण्यात बसली होती.

राही बघतच राहिली. तिला वडील आठवले. नाव भरताना ते नेहमी म्हणत, "पोरी, नाव किती भरली ते बघू नये, किती बसली ते बघावं." कापसाचे गठ्ठे कितीही उंच रचले तरी नाव वरच असे. मिठाची थोडी पोती चढवली, की पाणी काठाशी येई.

"अगं बाई!" राही स्वतःशीच म्हणाली. "मी भांडं सारखं भरलं, भार कुठे सारखा केला?"

घरी येऊन तिनं घंगाळ पाण्यानं भरलं. एक हलकी पितळी वाटी घेतली, तिच्यात पीठ चाळून अलगद भरलं आणि वाटी पाण्यावर सोडली. वाटी थोडी बसली आणि थांबली. जिथवर पाणी आलं, तिथे राहीनं बाहेरून काजळाची रेघ ओढली. मग वाटी रिकामी केली, पुसली, पुन्हा पाण्यावर सोडली आणि तिच्यात गुळाचे खडे टाकू लागली. एक, आणखी एक, आणखी एक. वाटी निम्म्याच्या जरा वर भरली असेल नसेल, तोच रेघ पाण्याला टेकली.

तिनं खात्री करायला पुन्हा तेच केलं. पुन्हा तेच उत्तर आलं. मग पीठ हातानं दाबून भरून पाहिलं, तर वाटी एकदम खोल गेली. तेव्हा तिला आणखी एक गोष्ट कळली, की पीठसुद्धा दर वेळी चाळून, न दाबता घेतलं पाहिजे, नाहीतर एकच वाटी दोन तऱ्हा सांगते. शेवटी तिनं मनाशी हिशेब बसवला. चाळलेलं मापटंभर पीठ असेल, तर दाबून चिपटंभर गूळ आणि वर एक लहानसा खडा.

नेमकी त्याच वेळी चिमणाबाई विरजण मागायला दारात आली. तिनं घंगाळ पाहिलं, वाटी पाहिली, काजळाची रेघ पाहिली. विरजण घेतलं आणि काही न बोलता गेली. चिमणाबाई काही न बोलता गेली, यातच सगळं आलं.

नवे तांदूळ भिजले, कुटले गेले, गोळे मुरले. राहीनं घरी एक अनारसा तळून बघितला. तो तुपात पडला, शांत राहिला आणि हळूहळू त्याला जाळी पडली. ठकूबाईनं तुकडा मोडून तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"हाताला कळलं वाटतं तुझ्या," ती म्हणाली.

राहीला खोटं बोलता आलं असतं. पण तिनं घंगाळ पुढे ओढलं आणि सगळं करून दाखवलं. ठकूबाईचा चेहरा उतरला.

"अगं, हे तोलणंच झालं की!"

"पण तागडी कुठे आहे, आत्याबाई? पाणी आहे नुसतं."

"देवीला काय, तागडी कळते आणि पाणी कळत नाही होय?" ठकूबाईनं उरलेला तुकडा हातात धरून ठेवला. टाकवतही नव्हता आणि खाववतही नव्हता. शेवटी तिनं तो खाल्ला. "हे बघ, बाहेर कुणाला सांगू नकोस. गप्प राहायचं."

जत्रेचा दिवस उजाडला. देवळासमोर चूल मांडली, कढई चढली, तूप वितळलं. सगळ्या बाया गोल करून बसल्या. मध्ये देवळाची म्हातारी गुरवीण बसली होती. तिच्या वयाचं गावात दुसरं काही असेल तर ते देवळामागचं चिंचेचं झाड. राहीनं केळीच्या पानावर खसखस पसरली, गोळा घेतला आणि थापू लागली. तोच चिमणाबाई उभी राहिली.

"थांबा! हा नैवेद्य देवीला चालायचा नाही. हिनं अन्न तोललंय. घंगाळात वाटी सोडून, काजळाची रेघ मारून. मी या डोळ्यांनी बघितलंय."

एकच गलका झाला. तूप तापत होतं आणि बाया त्याहून तापल्या होत्या. गुरवीण म्हणाली, "पोरी, खरं का हे?"

"खरं आहे, आजी," राही म्हणाली. "मला नदीपलीकडची रीत ठाऊक होती, इथली नव्हती. दोन्हींचा मेळ घालायला गेले. चूक असेल तर ती माझी एकटीची आहे."

मग कुणीतरी मधला मार्ग काढला. असे लोक सगळीकडे असतात. "सून परगावची, तिला काय माहीत? ठकूबाईला हे ठाऊक नसणार. ठकूबाई, तुम्ही एवढं सांगा, की मला माहीत नव्हतं. मग सुनेला बाजूला करू आणि तुम्हीच दुसऱ्या घरच्या मुरलेल्या पिठाचे अनारसे तळा. मान तुमच्याच घरात राहील."

सगळे ठकूबाईकडे बघू लागले. एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. आजेसासूचा मान राहिला असता, गावात नाव राहिलं असतं. फक्त राहीची मान मात्र जन्मभर खाली राहिली असती. ठकूबाईनं सुनेकडे पाहिलं. राहीनं काही मागितलं नाही. ती केळीच्या पानावरची खसखस बोटानं सारखी करत बसली होती.

ठकूबाईला तिची एकदम माया आली. ही पोर आपल्या तोंडावरचं हसू जाऊ नये म्हणून घंगाळापाशी बसून राहिली आणि आपण तिला लपवायला सांगितलं, याची तिला लाज वाटली.

"मला ठाऊक होतं," ती मोठ्यानं म्हणाली. "तिनं मला दाखवलं होतं. गप्प राहा म्हणून मीच सांगितलं."

चिमणाबाईनं विजयानं पदर खोचला. पण ठकूबाईचं बोलणं संपलं नव्हतं. तिनं देवीपुढच्या शिध्याच्या परातीतलं पीठ एका हातात घेतलं आणि गुळाचा खडा दुसऱ्या हातात. दोन्ही हात पुढे करून ती उभी राहिली आणि हात हलकेच वरखाली झाले.

"इतकी वर्षं गूळ मिसळायच्या दिवशी तुम्ही मला देवळासमोर अशी उभी राहिलेली बघताय. मी काय करते, सांगा बरं?"

"देवीला विचारता," बाया म्हणाल्या. "किती भक्तीनं विचारता!"

"मलाही तसंच वाटायचं," ठकूबाई म्हणाली. "सुनेची वाटी बघितली आणि त्यानंतर मला माझेच हात दिसले. अगं बायांनो, मी विचारत नव्हते, तोलत होते! ही दोन पारडी आणि माझी मान म्हणजे काटा. राहीनं वाटी एकदा सोडली. मी तर जन्मभर देवळासमोर उभी राहून तोललंय आणि देवीनं दर वर्षी गोड मानून घेतलंय. रुसायचंच असेल, तर तिनं आधी माझ्यावर रुसावं."

कढई उगाच धुमसू लागली, म्हणून राहीनं ती चुलीवरून खाली उतरवली. आणि तेवढ्यात गुरवीण हसायला लागली. दात नव्हते, पण हसणं अगदी पोटापासूनचं.

"ही रीत का पडली, ते कुणाला ठाऊक आहे का?" तिनं विचारलं. कुणालाच ठाऊक नव्हतं. लहानपणी सगळ्यांनी धपाटेच खाल्ले होते.

"माझ्या आजेसासूनं सांगितलेलं सांगते," गुरवीण म्हणाली. "फार पूर्वी मोठा दुष्काळ पडला होता. गावच्या कोठारात धान्य होतं आणि कारभारी तागडी घेऊन ते वाटत होता. एक लेकुरवाळी आली. तिच्या वाट्याला पारडं जरा खाली गेलं. मूठभर जोंधळे जास्त पडले असतील. कारभाऱ्यानं तिच्या ओटीत हात घालून ती मूठ परत काढली. काटा मधोमध आला, पण ते बघून सगळ्या गावाला रडू फुटलं. त्या दिवशी देवीपुढे सगळ्यांनी शपथ घेतली, की दुसऱ्याच्या पदरात पडणारं अन्न या गावात कधी तोलायचं नाही. माप भरायचं आणि वर शीग, म्हणजे काठाच्या वर चढणारी रास, लावायची. बायांनो, शपथ अन्न देताना पाळायची होती. अन्न करताना पाळायची नव्हती. आपण शपथेचं कारण विसरलो आणि तागडीशी भांडत बसलो."

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. त्यातल्या कित्येकींना आठवलं, की शेजारणीला पीठ उसनं देताना आपण मापटं भरतो खरं, पण वरून बोट फिरवून शीग पाडतो. तोलत नाही, म्हणजे रीत पाळली, असं त्यांना वाटत असे. कुणी ते बोलून दाखवलं नाही, पण बऱ्याच माना खाली गेल्या. चिमणाबाईची सगळ्यात आधी गेली. पिठावरून बोट फिरवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"तळ पोरी," गुरवीण म्हणाली. "देवीला भूक लागली असेल."

राहीनं कढई पुन्हा चढवली. तूप मंद तापू दिलं. अनारसा थापला, खसखशीची बाजू वर ठेवून अलगद तुपात सोडला आणि झाऱ्यानं त्याच्यावर थोडं थोडं तूप उडवू लागली. सगळं गाव माना उंचावून कढईकडे बघत होतं. अनारसा तरंगत वर आला, सोनेरी झाला, त्याला बारीक जाळी पडली. तो हसला नाही. हसली ती ठकूबाई, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांना धार लागली.

नैवेद्य झाला. प्रसाद वाटायला राहीलाच उभं केलं. चिमणाबाई सर्वांत शेवटी आली आणि जमिनीकडे बघत तिनं ताटली पुढे केली. राहीनं एक अनारसा ठेवला, दुसरा ठेवला, वर तिसराही ठेवला.

"अगं, पुरे की," चिमणाबाई पुटपुटली.

"देताना मोजायचं नाही ना, चिमणाकाकी."

चिमणाबाईला हसूही आलं आणि भरूनही आलं. "मग काकीला आणखी एक दे," ती म्हणाली. "उद्या घंगाळ घेऊन येते तुझ्याकडे. माझे मेले अनारसे दर दिवाळीला हसतात. ते कसे गप्प बसवायचे, तेवढं मला दाखव."

त्यानंतर त्या गावात घरोघरी घंगाळात वाटी तरंगू लागली. मापटंभर रव्याला साखर किती, मापटंभर बेसनाला तूप किती, हे सगळं बायांनी पाण्याला विचारून ठरवलं आणि लेकीसुनांना तोंडपाठ करायला लावलं. गावचे लाडू बसायचे थांबले आणि अनारसे हसायचे थांबले. आणि शेजारणीनं पीठ मागितलं की मापट्यावर अशी शीग चढू लागली, की नेणारीचा पदर वाटेत सांडत जाई आणि चिमण्या तिच्या मागे मागे येत. ठकूबाईच्या घरचा मान ठकूबाईच्या घरीच राहिला, पण आता त्या घाण्याला राही थापायला बसे, ठकूबाई तळायला आणि चिमणाबाई खसखस पसरायला.

म्हणून बाळांनो, आणि बाळांच्या आज्यांनो, तुम्हीसुद्धा, एवढं ध्यानात ठेवा: करताना हाताला तोल असावा आणि देताना मापाला शीग असावी.